भीमराजच्या घरचं गढूळ पाणी

एकतीस वर्षं अख्ख्या गावाला पाणी पाजणाऱ्या भीमराजच्या नाकी नऊ आणले ते शेवटी दोन फुटांच्या काचेच्या पेटीनं.

आता पाण्यातलं त्याला कोणी काही शिकवावं, असं खरं तर नव्हतं. राळेगावपासून दहा-बारा किलोमीटरवरचं त्याचं गाव. तिथल्या नळयोजनेवर तो ऐन जवानीत लागला आणि केस पिकल्यावरच सुटला. पहाटे चारला सायकल हाणत जायचं, मोटर चालू करायची, हौदात तुरटीचं पाणी सोडायचं, गाळ खाली बसला की वरचं पाणी वाळूच्या थरातून काढायचं आणि शेवटी ब्लिचिंग पावडर कालवून टाकीत ओतायची. थंडी असो, अंगात ताप असो, घरी पाहुणे असोत, पाणी सोडावंच लागे. त्यात नदीला पूर आला की विचारूच नका. "भीमराजभाऊ, पाणी सोडून राह्यले का कालवण?" असं बाया भर रस्त्यात गाठून विचारत. पण वर्षातले तीनशे दिवस नळाला लख्ख पाणी यायचं, तेव्हा एकानंही कधी त्याची सायकल अडवून म्हटलं नाही की बाबा रे, आज पाणी चांगलं आलं. जाऊ द्या. पाण्याच्या माणसाच्या नशिबी हेच असतं.

रिटायर झाला तेव्हा त्यानं एकच गोष्ट ठरवली होती. झोपायचं. सकाळी सातपर्यंत, आठपर्यंत, अंग दुखेस्तोवर झोपायचं. सव्वा महिना झोपला असेल नसेल, आणि कौसल्याला लकवा मारला.

कौसल्या त्याची बायको. तिची ओळख काय सांगावी? गावातल्या अर्ध्या बायांच्या पोटातलं तिला ठाऊक, आणि उरलेल्या अर्ध्यांच्या पोटात काय चाललंय ते ती तोंड पाहून सांगणार. बचत गटाची भांडणं तिच्याकडे, सुनांची गाऱ्हाणी तिच्याकडे, विहारातल्या कार्यक्रमाला वर्गणी कोणी बुडवली तेही तिच्याकडे. ओसरीत सदा चार-पाच बाया बसलेल्या. भीमराज पहाटेचा उठलेला, दुपारी घटकाभर डोळा लागावा म्हणून आत आडवा व्हायचा, आणि बाहेर हा कलकलाट.

"काहून वं, या बायाइले घरदार नाही का?" तो आतून ओरडायचा.

"घरदार हाय म्हणूनच येते त्या. तुमाले नाही समजाचं ते," ती बाहेरून सुनवायची, आणि बाया खिदळायच्या.

अशा बाईची नेमकी जीभच गेली. उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं, तिन्ही एका सकाळी. पंचवीस दिवसांनी दवाखान्यातून घरी आणताना डॉक्टरांनी भीमराजला बाजूला घेतलं. म्हणाले, "हातापायाचं होईल हळूहळू. पण यांनी मन सोडलं, जेवण सोडलं, तर मग आमच्याही हातात काही नाही. यांना आवडेल असं काहीतरी रोज डोळ्यांसमोर असू द्या." बाकीचं सगळं भीमराजच्या डोक्यावरून गेलं, पण एवढं त्यानं गाठीला बांधलं.

त्यांची मुलगी अर्पिता नागपूरला नोकरी करते. तिनं फोनवर हे ऐकलं आणि पुढच्याच रविवारी ती काचेची पेटी घेऊन आली. पेटीत बारीक गोटे, एक प्लास्टिकची हिरवी वेल, बुडबुडे सोडणारा पंप, कोपऱ्यात स्पंजचा फिल्टर आणि पाच लाल-केशरी मासोळ्या. पलंगासमोर, दाराला लागून टेबल होता, त्याच्यावर पेटी मांडली.

"बाबा, आईले करमीन यानं," ती म्हणाली, आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गेली.

आणि खरंच करमलं. कौसल्या दिवसभर उशीवर मान वळवून त्या बाजूला पाहत राहायची. खिचडीचे चार घास जास्त जायला लागले. तिसऱ्या महिन्यात तर कमालच झाली. शेजारची विमलताई येऊन बसली होती. कौसल्यानं डाव्या हातानं भीमराजला खूण केली, तोंड वाकडं-तिकडं करून जोर लावला आणि म्हणाली, "च्या."

"पाय, पाय! तीन महिन्यांतून बाईच्या तोंडून एक शब्द निंघाला, तो बी मले कामाले लावाचा!" भीमराज कुरकुरला. मग आत जाऊन गॅससमोर उभं राहून ढसाढसा रडला. चहा उतू गेला ते वेगळंच.

त्याच्या मनानं पक्कं घेतलं की ही सगळी त्या मासोळ्यांची करामत. मग त्यांना काय जपायचा! पंपाची नळी रोज पुसायचा, लाईट गेली की पेटीतलंच पाणी लोट्यानं उंचावरून ओतून आत हवा सोडायचा. स्वयंपाक, धुणं, कौसल्याचं अंग पुसणं, तिची कूस बदलणं, औषधं, आणि वर हे. पाठीचा काटा ढिला झाला होता. रात्री पाठ टेकली की वाटायचं, उद्या कोणी उठवू नये. पण सकाळी कौसल्या त्या बाजूला मान वळवायची आणि हा उठायचा.

मग एका हप्त्यात पाणी बिघडलं.

पहिल्या दिवशी नुसतं धुरकट. दुसऱ्या दिवशी भाताच्या पेजेसारखं पांढरं. तिसऱ्या दिवशी मासोळ्या दिसेनाशाच झाल्या. काचेजवळ आल्या तर एक लाल डाग सरकल्यासारखा वाटायचा, एवढंच. भीमराजनं कौसल्याकडे पाहिलं. हिला मासोळ्या दिसल्या नाहीत आणि हिनं मन सोडलं तर?

मग त्यानं तेच केलं, जे त्याला येत होतं. माणूस दुसरं काय करणार? घरात तुरटीचा खडा होताच. तो त्यानं पेटीत दहा-बारा फेरे फिरवला. फिल्टरचा स्पंज काढून ब्लिचिंग पावडरच्या पाण्यात घासघासून धुतला. अर्धं पाणी फेकून नळाचं ताजं पाणी भरलं आणि वरून चिमूटभर पावडर सोडली, जंतू मरावेत म्हणून. एकतीस वर्षं दहा हजार माणसांना याच रीतीनं पाजलं होतं, पाच मासोळ्यांचं असं कितीसं!

संध्याकाळी पाणी निवळलं. भीमराज खुशीत आला. सकाळी पाहतो तर दोन मासोळ्या पोट वर करून तरंगताहेत, आणि पाणी पुन्हा पांढरंफट.

त्यानं त्या दोन्ही ओंजळीत घेतल्या, पदरात काही लपवावं तशा शर्टाच्या घोळात लपवल्या आणि मागच्या अंगणात पेरूच्या झाडाखाली पुरल्या. साध्या मासोळ्या हो, बाजारात मिळतात. पण त्याला कौसल्याच्याच जिवाला हात लावल्यासारखं झालं.

फोनवर अर्पिता कडाडली. "बाबा, ब्लिचिंग? कोणं सांगतलं होतं तुमाले? तुमी हात नका लावू, यवतमाळच्या दुकानात जाऊन विचारा पयले."

विमलताईला दिवसभर घरी बसवून तो एसटीनं यवतमाळला गेला. दुकान निकिता नावाच्या बाईंचं होतं. चारी भिंतींना पेट्या, प्रत्येकीत पाणी असं लख्ख की नाहीच म्हणावं. भीमराज त्या पेट्यांकडे तोंड उघडं टाकून पाहत राहिला. आपण जन्मभर पाण्याचं काम केलं, पण असं पाणी काही आपल्याला जमलं नाही, असं त्याला वाटलं आणि तो आणखीच दमला.

निकिताबाईंनी सगळं शांतपणे ऐकलं. मग विचारलं, "काका, खायला कोण घालतं?"

"मी सकाळी चिमूटभर घालतो न."

"आणि?"

भीमराजनं बोटं मोजायला घेतली. मग त्याच्या डोळ्यांसमोर एकेक बाई यायला लागली.

आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला कोणी रिकाम्या हातानं येत नाही. बिस्किटाचा पुडा तर हवाच. बाया यायच्या, पुडा फोडायच्या, चहात बुडवून एखादं बिस्किट कौसल्याला भरवायच्या. थोडं इकडचं तिकडचं सांगायच्या. पण समोरची बाई उलटून बोलत नाही म्हटल्यावर किती वेळ बोलणार? गप्प बसवत नाही आणि लगेच उठवतही नाही. मग नजर जायची पेटीकडे. "मायबाई, कशी तोंड उघडून मांगून राह्यली पाय, उपाशी दिसते!" असं म्हणत उरलेलं बिस्किट चुरून पाण्यात. रुखमाबाई कणकेच्या गोळ्या करून आणायची. विमलताई भाकरीचा चुरा टाकायची. कोणी मुरमुरे टाकले, कोणी शेव. मासोळ्या वर येऊन गपागप तोंड मारायच्या, बाया हसायच्या, आणि त्या नादात आणखी अर्धा तास निघायचा.

"काका," निकिताबाई म्हणाल्या, "मासोळीचं पोट तिच्या डोळ्याएवढं असतं. तुमच्या पाण्याला अजीर्ण झालंय, दुसरं काही नाही. उरलेलं सडतं आणि पाणी दुधाळ होतं. चार दिवस कोणी काहीही टाकायचं नाही. मरत नाहीत त्या. नळाचं पाणी त्यातलं ब्लिचिंग उडून जावं म्हणून एक दिवस उघडं ठेवून मगच टाकायचं, तेही पेटीच्या चौथ्या हिश्शाएवढं. स्पंज पेटीतून काढलेल्याच पाण्यात पिळायचा. आणि पेटी दाराजवळ उन्हात असेल तर आत घ्या. बाकी तुम्ही काही करू नका. नुसतं थांबा."

नुसतं थांबा! हे त्याला जन्मात कोणी सांगितलं नव्हतं.

घरी आल्यावर त्यानं पेटी उचलून आतल्या भिंतीला लावली. उचलली म्हणजे काय, अर्धं पाणी काढून, गोटे काढून, विमलताईच्या मुलाला एका बाजूनं धरायला लावून, कंबरेचा पार भुगा करून. मग पुठ्ठ्यावर नळयोजनेच्या जुन्या अक्षरांत पाटी लिहिली: 'सूचना. मासोळ्यांना कोणीही काहीही टाकू नये. हुकमावरून.' ती दारातच टांगली. हुकूम कोणाचा ते काही लिहिलं नाही.

बाया आल्या, पाटी वाचली, बसल्या. रुखमाबाईनं पदराआडची कणकेची पुडी तशीच परत नेली. हाताला चाळा नाही, पाहायला काही नाही; दहा मिनिटांत सगळ्या उठल्या. दुसऱ्या दिवशी तिघी आल्या, चौथ्या दिवशी एकटी विमलताई. सहाव्या दिवशी कोणीच नाही. खरं सांगायचं तर भीमराजला बरंच वाटलं. चहाचं आधण नाही, कपांचा ढीग नाही. दुपारी त्याला दीड तास गाढ झोप लागली. कित्येक वर्षांत अशी लागली नव्हती.

आणि पाणी निवळत गेलं. आधी वेल दिसली, मग गोटे, मग दहाव्या दिवशी मागची भिंतसुद्धा. तिन्ही मासोळ्या अशा चकाकत फिरत होत्या की बस. हे सगळं हात न लावता! भीमराजनं कौसल्याची उशी उंच केली. "पाय वं कौसल्या, तळ दिसून राह्यला!"

कौसल्यानं पाहिलं. मान हलवली. आणि तोंड फिरवलं.

त्या दिवशी तिनं खिचडीचे दोनच चमचे घेतले. दुसऱ्या दिवशी एक. 'च्या' हा शब्द तर हप्त्याभरात तिच्या तोंडून आलाच नव्हता. भीमराजला वाटलं, मेलेल्या दोन मासोळ्यांचं तिच्या ध्यानात आलं असेल. त्यानं कबूलच करून टाकलं. "कौसल्या, माह्या हातानं मेल्या त्या. आणतो मी दुसऱ्या, तू जेव." तिनं डोळे मिटून घेतले. डॉक्टरांचे शब्द त्याच्या कानात घोळायला लागले.

दुपारी तो तिच्या पायथ्याशी नुसता बसून होता. झोप तर उडालीच होती. गल्लीतून चपलांचा आवाज आला. कौसल्यानं मान उचलली. आवाज पुढं गेला, मान उशीवर पडली. थोड्या वेळानं कोणीतरी हसत बोलत गेलं. पुन्हा मान वर, पुन्हा खाली. तिसऱ्यांदा सायकलची घंटी वाजली तेव्हा भीमराजनं तिच्या नजरेचा माग काढला. नजर दारावर होती. पेटी आतल्या भिंतीला, आणि नजर दारावर. पेटी दाराजवळ होती तेव्हाही ती दारच पाहत होती. मासोळ्या मधे आल्या म्हणून पाहिल्या असतील, एवढंच.

तो तसाच बसून राहिला. मला कसं कळलं नाही, मला कसं कळलं नाही, हेच मनात. चाळीस वर्षं हिच्यासोबत संसार केला आणि हिला बाया लागतात एवढं साधं आपल्याला कळलं नाही! स्वतःला हवी होती ती शांतता आपण हिच्या उशाला आणून ठेवली. त्याला स्वतःचा इतका राग आला की उठवेचना.

शेवटी उठला आणि विमलताईच्या अंगणात गेला. ती सुपात तूर पाखडत होती. "जयभीम, भाऊ," म्हणाली, पण सूप थांबवलं नाही.

"जयभीम. ताई, तुमी येणं सोडलं."

"येऊन काय करू? तुमी त पाटी लावली. पेटीजवळ उभं राहाव त तुमी कपाळाले आठ्या घालता. आन् कौसल्याबाईच्या तोंडाकडे नुसतं पाहून माह्या पोटात कालवते भाऊ, खोटं काहून बोलू? मासोळ्याइले चारता चारता जमत होतं मले बसणं. नुसतं नाही जमत."

भीमराज तिच्या सुपासमोर उकिडवा बसला. मग म्हणाला, "मासोळ्या उपाशी हाय ताई. या चाराले."

विमलताईनं सूप खाली ठेवलं. त्याच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. "आन् पाणी?"

"या तुमी. रुखमाबाईले बी सांगा. सगळ्याइले सांगा."

परत येताना त्यानं दुकानातून बिस्किटाचे दोन पुडे घेतले. पेटी पुन्हा दाराजवळच्या टेबलावर नेली. या खेपेला धरायला कोणी नव्हतं, म्हणून बादलीबादलीनं पाणी उपसून, कण्हत-कुथत नेली. ऊन लागू नये म्हणून मागं जुनं गोणपाट टांगलं. पाटी फाडून चुलीत घातली. चारच्या सुमाराला सहा बाया दारात उभ्या राहिल्या. कौसल्याची मान वर झाली आणि या वेळी खाली पडली नाही. तिचं वाकडं तोंड एका बाजूनं हसलं, डाव्या डोळ्यातून पाणी आलं. रुखमाबाई तिच्या उशाशी बसली आणि बाया आत पाऊल टाकताच बोलायला लागल्या. भीमराजनं पुडा फोडून सगळ्यांच्या हातावर एकेक बिस्किट ठेवलं.

"टाका," तो म्हणाला. "थोडं थोडं टाका, पण टाका."

रविवारी पाणी पुन्हा दुधाळ झालं. भीमराजनं अंगणात तीन ड्रम मांडले होते; एकात आजचं पाणी, एकात कालचं, एकात परवाचं. कमरेला पट्टा बांधून तो ओसरीच्या पायऱ्या चढत-उतरत बादल्या आणत होता. आत बाया बसल्या होत्या आणि कौसल्या कोणाचं तरी ऐकताना हातानं "मग, मग" अशी खूण करत होती. विमलताईला त्याची दया आली.

"भाऊ, आमच्यापायी पाणी गढूळ झालं न पुन्हा."

भीमराजनं बादली खाली ठेवली, धाप जाऊ दिली.

"होऊ द्या ताई," तो म्हणाला. "साफ कराले मी आहो."